आबांना जिंकायला शिकवताना

तीस वर्षं मी लहान मुलांबरोबर खेळून पोट भरलं. झाशीत हे वाक्य कुणाला ऐकवलं की समोरचा आधी हसायचा, मग मी हसत नाही असं बघून जरा सावरून विचारायचा, "नहीं जी, असल में क्या करती हैं आप?" असल में मी हेच करत होते.

सिव्हिल लाइन्समधल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक खोली होती. तिच्यात औषधांची रिकामी खोकी भरलेली असत. ती बाहेर काढून मी आत दोन तगारी चाळलेली वाळू, लाकडी ठोकळे, कापडी बाहुल्यांचं एक कुटुंब, मोटारी, एक आगगाडी, भातुकली आणि जत्रेतून आणलेली मातीची जनावरं मांडली आणि बाहेर पाटी लावली. पाटीवर 'बाल मानसिक विकास केंद्र' असं भारदस्त नाव होतं. ते कुणी कधी वाचलं असेल तर मला माहीत नाही. सगळ्या गावाला मी 'खेल वाली' होते. आधी खेल वाली दीदी, मग खेल वाली बुआ आणि निवृत्त होता होता खेल वाली नानी. नोकरदारांना बढत्या मिळतात, मला या मिळाल्या.

हे शिक्षण मी पुण्याला जाऊन घेतलं. तिथे झाशी म्हटल्यावर प्रत्येकाचं पुढचं वाक्य ठरलेलं असायचं आणि ते ऐकून झालं की माझ्या हिंदीमिश्रित मराठीवर हसायचा कार्यक्रम. परत आले तेव्हा आमचे बाबा शेजाऱ्यांना सांगत, "दोन वर्षं पुण्यात राहून शिकली काय, तर भातुकली!" खोली झाडायला येणारी रामकली त्यांच्याही पुढची. पहिल्याच दिवशी मला वाळूत मांडी घालून बसलेली बघून ती म्हणाली, "काय जिज्जी, इत्ती बड़ी हो कें माटी में खेलतीं? घर में कोऊ कछू कहत नइयाँ?"

घरातले सगळेच कहत होते, पण ते असो.

आता हा धंदा काय ते सांगते. मोठ्या माणसाच्या मनाला काही लागलं तर तो बोलतो, भांडतो, नाहीतर गप्प बसून दुसऱ्याला छळतो. पाच वर्षांच्या मुलाला 'तुला काय होतंय' असं विचारलं तर ते म्हणतं 'पोट दुखतंय'. ते खोटं बोलत नसतं, त्याच्याजवळ तेवढेच शब्द असतात. पण तेच मूल खेळायला बसलं की सगळं मांडून ठेवतं. बाहुलीला बदडतं, मोटारीला अपघात करतं, वाघाला पाळण्यात झोपवतं. आम्ही शेजारी बसायचं आणि नीट बघायचं. ते म्हणेल ते व्हायचं. चोर हो म्हटलं की चोर, म्हैस हो म्हटलं की म्हैस. काही शिकवायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. ही शेवटची अट मला फार जड गेली. आमच्या घरात सात पिढ्या भिक्षुकी आणि मास्तरकी. समोर मूल दिसलं की तोंडातून आपोआप 'बारा सत्ते किती?' बाहेर पडायचं.

आणखी एक नियम असा, की प्रत्येक खेळणं दर आठवड्याला आपल्या जागेवरच असलं पाहिजे. मुलाच्या मनात उलथापालथ चाललेली असते, तेव्हा निदान लाल मोटार तरी जिथल्या तिथे सापडावी. रामकलीला हा नियम माझ्याआधी समजला. मी एकदा हत्ती चुकीच्या फळीवर ठेवला तर तिने मला ऐकवलं होतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची आली. टॉन्सिलचं ऑपरेशन व्हायचं असलेल्या एका मुलीने मला सात आठवडे इंजेक्शनं दिली. आधी दंडात, मग मानेत, मग 'जीभ निकालो' म्हणून जिभेवरसुद्धा. ती सांगेल तेव्हा मी रडत होते. ऑपरेशनच्या दिवशी तिनेच डॉक्टरांना बजावलं, "धीरे से लगाना. खेल वाली बुआ को तो बहुत दर्द होता है." स्वतःचं भय तिने माझ्या गळ्यात बांधलं आणि ती मोकळी झाली. बिजौलीचे एक छोटे कारखानदार मुलाला घेऊन आले होते. मुलगा अंधाराला भ्यायचा. "कितने दिन में ठीक होगा? लिख के दीजिए," असं ते म्हणाले, जसं काही मी जळालेल्या मोटरची तार गुंडाळून देणार होते. तेवढ्यात त्यांना खेळण्यातली क्रेन दिसली. ती नीट चालत नाही म्हणून ते खाली बसले आणि पाऊण तास वाळू उपसत राहिले. मुलगा तोंड उघडं टाकून बापाकडे बघत होता. त्याने बापाला खाली बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. त्या मुलासाठी मी वेगळं काही केलं नाही. दर आठवड्याला बापालाच बोलावलं.

मूल आणायचं आणि बरं व्हायचं मोठ्यांनी, हे या धंद्यात वरचेवर होतं. त्यातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे सोनू आणि त्याचे आबा. सोनू आता चांगला बाप्या झाला आहे, दुसऱ्या शहरात नोकरी करतो. लिहू का म्हणून फोनवर विचारलं तर म्हणाला, "लिखिए बुआ, बस असली नाम मत डालिएगा." म्हणून सोनू हे नाव मी दिलेलं.

लक्ष्मी ताल या तळ्याच्या बाजूला राहणारं हे जुनं मराठी घर. आबा म्हणजे सोनूचे आजोबा, रेल्वेतून निवृत्त झालेले, माझ्या बाबांच्या ओळखीचे. सोनूचे वडीलही रेल्वेतच, पण दोन वर्षांपासून आसामात बदलीवर. घरी आबा, सोनूची आई आणि सोनू. घरात मोठी माणसं मराठी बोलत आणि सोनू हिंदीत उत्तरं देई, हे आमच्याकडे घरोघरी असंच.

सहा वर्षांचा सोनू हरायला तयार नव्हता. एवढंच दुखणं. पण ते एवढंच राहिलं नव्हतं. शाळेत कुर्सी दौड़, म्हणजे आपली संगीत खुर्ची झाली, त्यात बाद झाल्यावर तो जिंकणाऱ्या मुलाच्या मनगटाला चावला आणि सरळ शाळेच्या फाटकाकडे पळत सुटला. असं तीनदा झालं. चावायचं आणि पळायचं. मोठ्या बाईंनी आबांना बोलावून सांगितलं, "देखिए बाबूजी, दिवाली की छुट्टी के बाद एक बार भी और हुआ, तो नाम काटना पड़ेगा. हमें दूसरे बच्चों को भी देखना है." आबा त्याला घेऊन माझ्याकडे आले, बाहेरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "शालिनी, लाडाने बिघडवलाय आम्ही त्याला. तू तेवढा सरळ कर."

मलाही तसंच वाटलं. एकुलता एक, त्यातून बाप लांब, त्यातून आबांसारखे आजोबा. आठ आठवडे सोनू दर मंगळवारी येत होता. त्याचे दोनच खेळ. एक सापशिडी. त्यात तो मला आधीच सांगून ठेवी, "आप हारो." मला पाच पडले की तो माझी सोंगटी दोनच घरं हलवी, स्वतःला साप लागला की साप झोपलाय म्हणे. मूल सांगेल ते व्हायचं हा माझा नियम, तेव्हा मी निमूट हरत होते. दुसरा खेळ वाळूतला. दोन मोटारींची शर्यत, मोटारीवर एकेक बाहुली. जी मोटार हरेल तिच्यावरची बाहुली उचलून तो आगगाडीत ठेवी आणि ती आगगाडी ढकलत ढकलत कपाटाच्या मागे नेऊन सोडून येई. तिथून ती परत आणायला तो मला परवानगी देत नसे. मी माझ्या वहीत लिहिलं, 'वडिलांचा विरह.' अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि स्वतःवर खूष झाले.

नवव्या मंगळवारी माझ्या हातून फासा जोरात पडला. सहा. सोनूने हात मध्ये घालण्याआधीच माझी सोंगटी मोठ्या शिडीच्या पायथ्याशी पोचली होती आणि ती शिडी थेट शंभरावर जात होती. मी जिंकले.

आता चावतो, म्हणून मी हात मागे घेतला. सोनू चावला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो उठला, धावत दाराशी गेला, दार ओढून उघडलं आणि बाहेरच्या बाकाकडे बघितलं.

बाक रिकामा होता. आबा चौकात पान खायला गेले होते.

त्या पोराने जी किंकाळी फोडली ती ऐकून पुढच्या दवाखान्यातले पेशंट उठून उभे राहिले. रामकली झाडू टाकून धावली. मी त्याला जवळ घ्यायला गेले तर तो माझ्या हातातून निसटत होता, फाटकाकडे बोट दाखवत होता. दोन-तीन मिनिटांत आबा तोंडात पान आणि हातात त्याच्यासाठी गोळ्यांची पुडी घेऊन आले. सोनू त्यांच्या पायांना मिठी मारून हुंदके देत म्हणाला, "आबा, मैं हार गया था. मैं गलती से हार गया था."

गलती से! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे पोर शाळेतून पळून जात नव्हतं. हरल्याबरोबर घरचं माणूस जागेवर आहे का ते बघायला घराकडे धावत होतं.

सोनूला रामकलीजवळ बसवून मी आबांना आत बोलावलं. "आबा, हा हरला तर कोण जातं?" मी विचारलं. आबांनी पानाची पिंक टाकायला म्हणून जो वेळ घेतला तो नको तितका लांबवला, आणि परत येऊन मला सगळं सांगितलं.

त्यांच्या घरी दिवाळीच्या पाडव्याला सारीपाट मांडतात. जुना कापडी पट, लाकडी सोंगट्या, कवड्या. त्या डावात जो जिंकेल त्याच्या दैवाने घराचं वर्ष जातं, असा समज. म्हणून रीत अशी पडली, की घरातल्या सर्वांत धाकट्याने जिंकायचं. धाकटं आपसूक कसं जिंकेल? तर मोठ्यांनी हरायचं. दोन वर्षांपूर्वी सोनू चार वर्षांचा होता. त्या दिवाळीला आबांचे नवे जावई इंदूरहून आले होते. त्यांना ही रीत कुणी सांगितली नव्हती. त्यांनी सोनूची सोंगटी मारली, स्वतःच्या घरात नेऊन पिकवल्या आणि टाळ्या पिटल्या. जावयाला बोलणार कोण? सोनूची आत्या, म्हणजे जावईबापूंचीच बायको, हसत हसत म्हणाली, "झालं! आता यंदा घराचं काही खरं नाही." भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी माळ्यावरून मोठी ट्रंक खाली आली. पप्पांची आसामला बदली झाली होती.

"पण बदलीचा हुकूम कधी आला होता?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आठ दिवस आधी," आबा म्हणाले. "कपाटात ठेवला होता. सणासुदीत पोराला कशाला सांगायचं, म्हणून..."

ही आपल्या लोकांची जुनी खोड. वाईट बातमी सण उरकल्यावर सांगायची. मोठ्यांच्या हिशेबी आधी हुकूम, मग डाव. सोनूने काय पाहिलं? आपण हरलो आणि पप्पा गेले. मागच्या पाडव्याला आबा मन लावून हरले, वर्ष सुखरूप पार पडलं, त्यामुळे त्याचं गणित आणखी पक्कं झालं. आता आई आणि आबा एवढीच माणसं उरली होती, आणि त्यांना घरात राखायची सगळी जबाबदारी त्या सहा वर्षांच्या पोराने आपल्या अंगावर घेतली होती. कुर्सी दौड़मध्ये खुर्ची मिळाली नाही तर तो का चावणार नाही?

मला स्वतःचा राग आला, तो आजही आहे. कारण ही रीत मला ठाऊक होती. आमच्याही घरी पाडव्याला धाकट्यानेच जिंकायचं. मी स्वतः सहा वर्षं अजिंक्य होते, मग धाकटा भाऊ कवड्या टाकण्याएवढा झाला आणि माझं राज्य गेलं. दुसऱ्या एखाद्या बाईने पहिल्याच आठवड्यात आबांना विचारलं असतं, की तुम्ही याच्याकडून नेहमी हरता का? मला तो प्रश्नच सुचला नाही. मोठी माणसं लहानाकडून हरतात यात विचारायचं काय? वर आठ आठवडे मीही शास्त्राच्या नावाखाली हरत बसले आणि त्याचं भय घट्ट करत राहिले. वहीतलं ते सुवाच्य वाक्य मी खोडलं.

उपाय सांगायला सोपा होता. हरायचं आणि कुणी जात नाही हे डोळ्यांनी बघायचं. पुढच्या मंगळवारपासून आम्ही नवा खेळ काढला. जो हरेल त्याने उठायचं, दार उघडायचं, आबा आहेत का बघायचं आणि परत येऊन पुढचा डाव मांडायचा. मी हरले की मीही उठून बघून येई. आबांना सक्त ताकीद होती की पान, तंबाखू, लघवी, सगळं आधी उरकून बाकावर बसायचं. पहिल्यांदा सोनू धावत गेला आणि दहा मिनिटं परत आला नाही. मग चालत जाऊ लागला. काही आठवड्यांनी नुसतं दार किलकिलं करून बघू लागला. आणि एकदा तर जागेवरूनच ओरडला, "आबा, आप हैं ना?" बाहेरून उत्तर आलं, "आहे रे बाबा, मी कुठे जातोय?" सोनूने फासा उचलला.

पण माझ्याकडून हरणं वेगळं आणि पाडव्याला घरी हरणं वेगळं. भयाचं मूळ त्या कापडी पटात होतं. पाडव्याला आबांनी सोनूशी सरळ खेळायचं आणि जिंकता येत असेल तर जिंकायचं, असं मी त्यांना सांगितलं. आबांनी कानाला हात लावले. "शालिनी, तू दुसरं काही सांग. हे माझ्या हातून व्हायचं नाही."

"का नाही होणार? सवय नाही एवढंच ना? या उद्या, सराव करू."

आणि खरंच, पट आणि कवड्या पिशवीत घालून आबा दुसऱ्या दिवशी आले. बहात्तर वर्षांचा माणूस माझ्या चिमुकल्या खुर्चीवर बसला, गुडघे छातीशी आले. डाव सुरू झाला. माझी सोंगटी त्यांच्या अगदी टप्प्यात होती, त्यांना हवं ते दान पडलं, आणि त्यांनी भलतीच सोंगटी हलवली.

"आबा, मारायची होती."

"अरे हो. दिसलंच नाही."

"दिसलं होतं."

पुन्हा तेच. घर मोजताना एक घर जास्त मोजून ते माझ्या सोंगटीच्या पुढे जाऊन थांबले. ते इतकं सफाईने केलं की मी मुद्दाम बघत नसते तर मलाही कळलं नसतं. असे आधी आपल्या मुलांकडून आणि मग नातवाकडून ते हरत आले होते. तिसऱ्यांदा मी त्यांचं मनगट धरलं. आबा खाली पटाकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "तुला खरं सांगू? त्या वर्षी हुकूम कपाटात होता, मीच ठेवला होता. तरी जावयाने सोंगटी मारली तेव्हा मीसुद्धा घाबरलो. मनात म्हटलं, आता मुलगा जाणार."

"हुकूम आधी आला होता हे माहीत असून?"

"माहीत असून."

धंद्याने मला राग गिळायला शिकवलं होतं, पण तो मुलांपुरता. "माहीत असून तुम्ही घाबरता," मी म्हणाले, "तर ज्याला माहीतच नव्हतं त्या पोराचं दोन वर्षं काय होत असेल? तो शाळेत चावत नाही आबा, तुम्हाला घरात धरून ठेवतोय."

धोतराच्या सोग्याने आबांनी डोळे पुसले, कवड्या ओंजळीत घेतल्या आणि म्हणाले, "मांड."

पुढे जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. लबाडी न करणारे आबा म्हणजे भयंकर प्रकार होता. साऱ्या जन्माचं साठलेलं जिंकणं त्या माणसाच्या हातात होतं. त्यांनी माझ्या सोंगट्या एकेक करून अशा मारल्या, की मी पुण्यात शिकलेला सगळा संयम पणाला लागला. सलग चार डाव मी खरोखरीची हरले आणि मला खरोखरीचा राग आला. रामकली दाराशी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "दद्दा तौ बड़े खिलाड़ी निकरे. जिज्जी, तुम सें न हुइयै."

शाळेचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचक त्याच काळजीत बसतील. नाव कापलं गेलं नाही. पण आमची खरी परीक्षा शाळेत नव्हती, पाडव्याला होती. त्यातून सोनूचे पप्पा दिवाळीला रजेवर आले आणि मला घाम फुटला. ते भाऊबीज करून परत जाणार होते. म्हणजे पुन्हा तेच. सोनू पाडव्याला हरणार, दोन दिवसांनी पप्पा जाणार. मी त्यांच्या घरी जाऊन पप्पांना म्हटलं, "भैया, या वेळी कपाटात काही ठेवायचं नाही." त्यांनी वसुबारसेच्या दिवशीच सोनूला मांडीवर घेऊन परतीचं तिकीट दाखवलं. दोन वर्षांपूर्वीचा तो हुकूमही दाखवला, त्यावरची तारीख बोट ठेवून वाचून घेतली. "बेटा, तू जिंकलास तरी मी जाणार, हरलास तरी जाणार," असं सांगितलं. "आणि होळीला येणार, तेही जिंकलास तरी, हरलास तरी." सोनू रडला, तिकीट दोनदा वाचलं आणि ते स्वतःच्या दप्तरात ठेवलं. पप्पांनी ते तिथेच राहू दिलं.

पाडव्याच्या दुपारी मला जेवायला बोलावलं होतं. ओवाळणं संध्याकाळी व्हायचं होतं. जेवणं झाली, पट अंथरला गेला. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला नवा कुर्ता घातलेला सोनू. जावईबापू त्या वर्षीही आले होते, पण त्यांना आत्याने पटापासून चांगलं सहा हात लांब बसवलं होतं. मी भिंतीला टेकून बसले. माझं काम आता फक्त गप्प बसण्याचं होतं.

सोनू छान खेळत होता. कवड्या फुंकून टाकत होता, आबांची एक सोंगटी मारून तो नाचलाही. शेवटाला त्याची एकच सोंगटी पिकायची राहिली, आबांच्या दोन. आबांना दान पडलं. त्यांनी मोजलं. मी मोजलं. पप्पांनीही मोजलं असणार, कारण ते एकदम ताठ झाले. सोनूची सोंगटी बरोबर टप्प्यात होती.

आबांचा हात सोंगटीवर गेला आणि थांबला. सवयीने बोटं दुसऱ्या सोंगटीकडे वळली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघायला लागले, आणि खरं सांगते, तेव्हा मला देव आठवत होते. मग लाकूड लाकडावर आपटल्याचा आवाज आला. आबांनी सोनूची सोंगटी मारली होती.

त्यानंतर दोन-तीन दानांत सगळं संपलं. आबा जिंकले. खोलीत कुणी हलेना. आत्या अनारशांचं ताट घेऊन तशीच उभी.

सोनू उठून उभा राहिला. मला वाटलं, आता धावणार. तो धावला नाही. त्याने पप्पांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आबांकडे बघितलं, एकेकाकडे सावकाश. सगळे होते. मग त्याचा खालचा ओठ बाहेर आला आणि त्याने भोकाड पसरलं.

मी तीस वर्षं मुलांची रडणी ऐकली. भयाचं रडणं मला पाठमोरी असताना ओळखू येतं, ते घशातून येतं आणि मध्येच तुटतं. हे तसलं नव्हतं. हे पोटातून येणारं, लांबलचक, वैतागलेलं, गल्लीतल्या कुठल्याही पोराचं डाव हरल्याचं रडणं होतं. इतकं सुंदर रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. आत्या ताट घेऊन पुढे निघाली तेव्हा आबांनीच तिला हाताने थांबवलं. त्यांनी सोनूला रडू दिलं.

पाचेक मिनिटांनी सोनूने नव्या कुर्त्याच्या बाहीला नाक पुसलं, आबांसमोर जाऊन उभा राहिला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आबा, आपने चीटिंग की है. मैंने देखा."

जन्मभर लबाडी करून हरलेला तो माणूस. एकदाच सरळ खेळला, आणि त्याच्यावर लबाडीचा आळ आला. आबा आधी हसायला लागले. मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते त्यांना आवरेना.

"खरंच नाही रे केली," ते म्हणाले. "या खेपेला खरंच नाही केली."

सोनूचा काही विश्वास बसला नाही. तो आबांच्या समोर मांडी ठोकून बसला, सगळ्या कवड्या आपल्या पुढ्यात ओढून घेतल्या आणि म्हणाला, "चलिए, दूसरी बाज़ी. अब की बार घर मैं गिनूँगा."